साहेबाची गादी आणि तोकडी चादर

आमच्या घरात पलंग आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. थोरल्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. तोवर आमचं सगळं झोपणं जमिनीवर. खाली घोंगडी, वर गोधडी, सकाळी दोन्हींची घडी करून कोपऱ्यात. गोधडी सरकून गेली अशी तक्रार मी कधी ऐकली नव्हती. सरकून जाणार कुठे?

वडील भिवपुरीच्या पावरहाउसात फिटर होते. लढाई संपली तसा तिथला एक गोरा साहेब बोऱ्याबिस्तरा आवरून मायदेशी निघाला. जाताना त्याने कुणाला खुर्ची दिली, कुणाला आरसा. वडिलांनी कधीतरी त्याच्या बंगल्यावरचा पंप दुरुस्त केला होता, म्हणून त्यांच्या वाट्याला लोखंडी पलंग आला, गादीसकट. चौघांनी तो उचलून आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आणला. बाहेरच्या खोलीत पलंग मावला आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे राहिलो.

गादी वीतभराहून जाड होती. आत काय भरलं होतं देव जाणे, पण ती मधोमध फुगून बैलाच्या पाठीसारखी वर आली होती. तिची खोळ इतकी गुळगुळीत की आईने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, हिच्यावर माशी बसली तरी घसरेल.

साहेब चादरी मात्र बरोबर घेऊन गेला होता. कापड तेव्हा कंट्रोलात. रेशनवर जे मिळायचं त्याचा पन्हा हा एवढासा. आईने दोन पट्ट्या जोडून चादर शिवली, तरी ती गादीच्या कडेपर्यंत जेमतेम पोचायची. खाली खोचायला चार बोटं कापड शिल्लक नाही. वडील पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने पलंगावर झोपले. सकाळी ते पलंगावर होते आणि चादर त्यांच्या मानेभोवती होती.

आईचं म्हणणं, चादर घालूच नये. वडिलांना ते पटलं नाही. पावरहाउसात नळातून एवढं पाणी डोंगरावरून खाली येतं आणि नळ जागचा हलत नाही, मग हे हातभर कापड का हलावं, असं ते म्हणाले. तिथून पुढे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आधी त्यांनी चादरीच्या चारी कोपऱ्यांत लोखंडी नट शिवून घेतले. चादर थोडी थांबली, पण कूस बदलली की पलंगाच्या पायावर घंटा वाजायची. मग सेफ्टी पिना झाल्या. त्यांतली एक उघडली, आणि कुठे टोचली ते वडिलांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन दिवस ते जेवायला मात्र उभ्याने बसले, म्हणजे बसलेच नाहीत. तपासणीचं काम माझ्याकडे होतं. ते म्हणाले की मी इकडून तिकडे लोळायचं, आणि ते फूटपट्टी लावून चादर किती सरकली ते बघायचे. आई दारात उभी राहून म्हणायची, लग्नाची पोर आहे, तिला लोळवताय काय.

शेवटी त्यांना जमलं. चादरीच्या कडांना त्यांनी आईकडून नाड्या शिवून घेतल्या, त्या पलंगाखालून सुंभाने एकमेकींना बांधल्या, आणि सुंभात काठी घालून पीळ दिला. सुतार करवतीच्या चौकटीला देतात तसा. पीळ बसला तशी चादर ढोलकीच्या चामड्यासारखी ताणली गेली. वडिलांनी तिच्यावर टिचकी मारून दाखवली. आवाजसुद्धा आला.

त्याच आठवड्यात कडावचा मामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आला. मुलगा खालापूरकडचा, घरची भातशेती, आणि भाताच्या गिरणीत इंजिनावर नोकरीला. येणार होते मुलगा आणि त्याचे चुलते, दोघंच. चुलते म्हणजे घरातले कर्ते. मामाने वडिलांना आधीच बजावलं होतं की त्यांच्या तोंडून होकार आला तर आला, बाकी कुणाला विचारण्यात अर्थ नाही.

पाहुणे आले तसं वडिलांनी चुलत्यांना मानाने पलंगावर बसवलं. मुलगा आणि मामा खाली घोंगडीवर बसले. चुलते चांगले भरभक्कम गृहस्थ होते. धोतर कडक परीटघडीचं. ते गादीच्या मधोमध, त्या उंचवट्यावर बसले, आणि मी आतून पोह्यांच्या बशा घेऊन आले तोवर वीतभर पुढे आले होते.

मला वाटलं, बघायला पुढे वाकले असतील. मी समोर पाटावर बसले. त्यांनी विचारलं, लिहिता-वाचता येतं का. मी हो म्हटलं. तेवढ्यात ते आणखी पुढे आले. त्यांनी दोन्ही हात मागे टेकून अंग वर ओढलं, पुन्हा मधोमध बसले आणि विचारलं, म्हशीची धार काढता येते का. मी हो म्हणेपर्यंत ते पुन्हा कडेला. चादर तसूभरही हलली नव्हती. वडिलांचं लक्ष तिकडेच होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

चुलत्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. मानी माणूस. टाचा फरशीत रोवून त्यांनी भाताच्या लावणीबद्दल विचारलं, भाजीमाळव्याबद्दल विचारलं, आणि प्रत्येक प्रश्नानंतर ओहोटीला लागल्यासारखे खाली यायचे. मामा आढ्याकडे बघत होता. मी पदराचं टोक दातांत धरलं होतं. मुलगी लाजते आहे असं सगळ्यांना वाटलं असणार. मुलगाही मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, तोही लाजतोय.

मग मी चहा दिला. कप घ्यायला चुलत्यांनी एक टाच उचलली आणि तिथेच सगळं संपलं. ते अगदी सावकाश, पाठ ताठ ठेवून, पलंगावरून उतरत आले आणि घोंगडीवर पुतण्याच्या शेजारी बसते झाले. चहाचा एक थेंब सांडला नाही. चुलत्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “आमाला खालीच बरं वाटतं.”

त्यावर मुलाने तोंड उघडलं. आल्यापासून पहिल्यांदाच. तो कुणाकडे न बघता म्हणाला, “पीळ एकाच अंगाला बसलाय. दुसरी दोरी पायाकडून घ्याया पायजे व्हती.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा लाजत नव्हता. हा इतका वेळ पलंगाखाली बघत होता.

वडिलांनी एकदम पुढे सरकून विचारलं, पायाकडून कशी? मुलाने हाताने दाखवायचा प्रयत्न केला, ते जमेना, म्हणून तो सरळ पलंगाखाली शिरला. त्याच्या मागोमाग वडील शिरले. बाहेर चार पाय राहिले. मुलगी बघायला आलेल्या मुलाचा चेहरा मी अजून धड पाहिला नव्हता, पण तळवे मात्र निवांत पाहून घेतले. स्वच्छ होते. एका अंगठ्याला जुना घट्टा होता.

आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ताण, गाठ, अजून अर्धा फेरा. मामाने चुलत्यांना पाऊसपाण्याचं विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात काठी सुटली. खाली ताशा वाजावा तसा आवाज झाला, पलंग थरथरला, आणि मुलगा कपाळ धरून बाहेर आला. भुवईच्या वर चांगलं सुपारीएवढं टेंगूळ.

आई आतून हळद घेऊन धावली. चुलत्यांनी पुतण्याकडे बराच वेळ बघितलं, मग वडिलांकडे, मग वडिलांना म्हणाले, “आमचा पोरगा ह्यो असा हाय. तुमाला चालंल काय?”

वडील अजून गुडघ्यांवर होते, अंगाला जळमटं. ते म्हणाले, “मला हाच पायजे.”

असं माझं लग्न ठरलं. आईने नंतर आतल्या खोलीत मला विचारलं, तुला कसा वाटला. इतका वेळ दाबून धरलेलं हसू तिथेच सुटलं. आईही हसायला लागली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही दोघींनी तांदळाच्या पिंपात तोंडं घातली.

वडिलांनी पलंग आंदण दिला. बैलगाडीत एका बाजूला मी आणि माझी पेटी, दुसऱ्या बाजूला उभा केलेला पलंग, आणि वर गादी. वाटेत लोक थांबून बघत होते, मला नव्हे, गादीला. खालापुरात पोचल्यावर ह्यांनी माझ्याआधी पलंग उतरवला. मग तिकडे नवीन प्रयोग सुरू झाले. गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचे तुकडे आले, मग लाकडी पाचरी आल्या. वडिलांना कार्डं जायची, त्यांची उलट कार्डं यायची. त्यांत माझी खुशाली शेवटच्या ओळीत, जागा उरली तर. मी माझी वेगळी कार्डं पाठवायला लागले.

सासूबाई हे सगळं महिनाभर बघत होत्या. एकदा हे गिरणीत गेल्यावर त्यांनी दाभण घेतलं, जाड दोरा ओवला, आणि चादर चारी बाजूंनी थेट गादीलाच टाचून टाकली. मोठे मोठे टाके. अर्धा तासही लागला नाही. मग त्या पलंगावर चढून बसल्या, पान खाल्लं आणि उतरून म्हशीकडे गेल्या.

संध्याकाळी हे आले. चादर चारी बाजूंनी ओढून पाहिली, पलंगाला दोन वेळा फेरी घातली, खाली वाकून बघितलं. त्या दिवशी भाकरीही एकच खाल्ली. दुसऱ्या दिवशी वडिलांना कार्ड गेलं आणि आठवड्याने उत्तर आलं, की असं करणं म्हणजे चादर बसवणं नव्हे, चादरीला कैद करणं.

कैद असो काय असो, चादर फाटेपर्यंत जागची हलली नाही. धुण्याच्या दिवशी ती उसवायची आणि वाळली की परत टाचायची, हे काम माझ्याकडे आलं. ते मी कित्येक वर्षं केलं. हे तेवढा वेळ अंगणात जाऊन बसायचे, आणि सुईत दोरा ओवून द्या म्हटलं तर त्यांना ऐकू यायचं नाही.