पोकळ झाडांचं वर्ष

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्चीच्या पाठीवर मधल्या बोटाने दोनदा टकटक करतात. मग कान जरा कलता करून "हं" म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. काहीच म्हणाले नाहीत, की यजमान दुसरी खुर्ची आणायला धावतात. या सवयीमुळे त्यांना टकटक मिस्त्री हे नाव पडलं, ते कुणी पाडलं हे आता कुणालाच आठवत नाही. दारं, कपाटं, पलंग, दवाखान्यातला बाक, सगळं त्यांनी वाजवून पाहिलेलं आहे.

"माझं डोकं तेवढं राहिलंय वाजवायचं," त्यांची बायको म्हणते.

"त्याची गरज नाही. ते न वाजवताच बोलतं."

मिस्त्रींची वखार टायरच्या दुकानामागे आहे. पत्र्याची लांबलचक शेड, पुढे ओंडक्यांचा ढीग, मागे फळ्यांच्या थप्प्या, आणि सगळ्यावर पिवळसर भुशाचा थर. तिथे झाड तोडून आणत नाहीत, पडलेलंच आणतात. वादळात आडवं झालेलं, रस्ता रुंद करताना आड आलेलं, कुणाच्या भिंतीत मुळं घुसली म्हणून कापावं लागलेलं. एरवी ही झाडं कचऱ्याच्या मैदानात जाऊन कुजली असती. इथे ती फळ्या होतात, फळ्या वाळतात, आणि वाळल्यावर त्यांची टेबलं, दारं, खाटा होतात. आरा चालवते मिस्त्रींची लेक. आधी ती एका कचेरीत फायली लावायची. सहा वर्षांपूर्वी एक दिवस मदतीला म्हणून आली ती परत गेलीच नाही. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगतात. हे कौतुक आहे, हे फक्त लेकीला कळतं.

आरा लेकीचा, पण ओंडक्याचा निकाल मिस्त्रींचा. ओंडका आला की ते लाकडी हातोडा घेऊन त्याच्याभोवती फिरतात. बुंध्यापासून सुरुवात, हातभर अंतरावर एकेक ठोका. भरीव लाकूड टण् करतं आणि आवाज पुढे पळत जातो. पोकळ लाकूड थप म्हणतं आणि तिथेच बसतं. फेरी संपली की खिशातून खडू निघतो. भरीव असेल तर ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर उभी रेघ, पोकळ असेल तर मोठं शून्य. रेघवाला आऱ्याखाली जातो. शून्यवाल्याला पातं लावत नाहीत, कारण पोकळीत माती आणि खडे असतात, त्यांनी दाते बोथट होतात. ते ओंडके चौकातला बेकरीवाला भट्टीसाठी घेऊन जातो. मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे मानत. ती रेघ खडूची आहे, हे कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

मागच्या वर्षी शून्यं वाढली.

आधी महिन्याला एखादं असायचं, मग दोन झाली, मग एका आठवड्यात तीन. मिस्त्री वैतागले. "हल्लीची झाडंच पोकळ," ते म्हणायला लागले. "वरून बघावं तर पैलवान, आत काही नाही. मुळांना पाणी नाही, नुसता डांबराचा रस्ता. कशाने भरणार?" हे सगळ्यांना पटायचंही. टायरवाल्याला तर फारच पटलं. तो म्हणाला, माणसांचंही तेच झालंय. लेकीला एकदोनदा वाटलं, की बाबा शून्य काढत असलेला ओंडका चांगला खणखणीत वाजला. पण चाळीस वर्षं ऐकणारा कान एकीकडे आणि कचेरीतून आलेला कान दुसरीकडे. आपल्यालाच कळत नसेल, असं म्हणून ती आऱ्याकडे वळली.

त्याच वर्षात मिस्त्रींनी घराच्या दाराची बेल तीनदा बदलली. तिन्ही वेळा दुकानदाराला, माल हलका ठेवतोस म्हणून, चार शब्द सुनावले.

मग शाळेतली महोगनी पडली. शाळेच्या मैदानातलं ते एकच झाड. त्याच्या फांदीला घंटा टांगलेली असायची. रविवारी वादळ झालं म्हणून कुणाला लागलं नाही. सोमवारी मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, ओंडक्याच्या गाडीमागे रिक्षा घेऊन वखारीत आल्या. पर्सवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वाचनालयात एक लांब टेबल करायचंय," त्या म्हणाल्या. "मुलं झाडाखाली बसून वाचायची. आता झाडावर वाचतील."

मिस्त्रींनी फेरी मारली. बुंध्यापाशी थप. मध्ये थप. शेंड्यापाशीही थप. ते पुन्हा बुंध्याकडे आले, पुन्हा सगळीकडे वाजवलं, आणि खडू काढला.

"पोकळ आहे बाई."

"सगळं?"

"सगळं. वाईट वाटून घेऊ नका, हल्ली झाडंच अशी येतात."

मोठ्या बाई शून्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी असली शून्यं मुलांच्या पेपरांवर काढलेली असणार. "शनिवारपर्यंत इथेच असू दे," त्या म्हणाल्या. "मुलांना एकदा आणून दाखवते."

बेकरीवाल्यालाही तसाच निरोप गेला, की शनिवारी ये.

बुधवारी लेक पाव आणायला बेकरीत गेली. दुकानात कुणी नव्हतं म्हणून ती मागे भट्टीकडे डोकावली. बेकरीवाला कुऱ्हाड टेकवून घाम पुसत होता.

"या, या. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, आणि म्हणावं जरा दया करा."

"का, काय झालं?"

"पोकळ म्हणून देतात आणि कुऱ्हाड शिरत नाही! वर्षभर माझे खांदे उतरलेत. जळतं मात्र झकास, रात्रभर निखारा राहतो. एक ओंडका तर फुटेचना, मग उभा चिरून घेतला आणि फळी केली. बघा."

भिंतीलगत पावाचे गोळे वळायची फळी होती, चांगली जाड, पुरुषभर लांब. पिठाने पांढरी झालेली, पण कड मधाच्या रंगाची. लेकीने खाली वाकून बघितलं. फळीच्या तोंडावर खडूची गोलाई होती, मोठ्या शून्याचा मधला तुकडा. शेजारी फोडलेल्या लाकडांचा ढीग होता. एकेका ढलपीवर असाच पांढरा कंस, आणि आत घट्ट, गडद, भरलेला गाभा. एकातही पोकळी नव्हती.

तिने टकटक केली. फळी टण् म्हणाली.

पाव घ्यायचा राहून गेला. लेक एक ढलपी घेऊन घरी आली आणि ती जेवणाच्या टेबलावर वडिलांसमोर ठेवली.

"हे जळण इथे कशाला?" आई म्हणाली.

मिस्त्रींनी ढलपी उचलली. वास घेतला, अंगठ्याने गाभा दाबला. मग उलटी करून खडूचा कंस बघितला. तो त्यांनी स्वतः काढलेला होता. कुणाचा असणार दुसरा?

"कुठली ही?"

"बेकरीतली. असा ढीग आहे तिथे, बाबा."

बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "सतरा ओंडके," शेवटी म्हणाले. "अठरावा शाळेचा."

"मी वर्षभर सांगतेय," बायको म्हणाली, पण नेहमीच्या चढ्या आवाजात नाही. "मी घरी नसले, की बेल वाजते ती शेजारणीला ऐकू येते, ती मग मला सांगते. बेल बिघडली म्हणून तीन आणल्यात तुम्ही. पहिल्या दोन कपाटात आहेत, दोन्ही वाजतात."

"मग तेव्हाच सांगायचं स्पष्ट."

"सांगितलं. ऐकू आलं नाही तुम्हाला."

लेकीला हसू आलं आणि ते तिने पाण्याच्या भांड्यात लपवलं. मिस्त्री हसले नाहीत. "नाचता येईना अंगण वाकडं," ते स्वतःशीच म्हणाले. "वर्षभर झाडांना नावं ठेवली." त्या दिवशी ते वखारीत परत गेले नाहीत. चाळीस वर्षांत कामाच्या दिवशी असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी लेक त्यांना कान तपासायला घेऊन गेली. कापसाच्या गादीसारख्या भिंतींची एक छोटी खोली, काचेपलीकडे एक तरुण मुलगी. आवाज आला की बटण दाबा, ती म्हणाली. मिस्त्री बटण धरून बसले. बराच वेळ काहीच आलं नाही, तेव्हा सवयीने त्यांनी समोरच्या टेबलावर टकटक केली.

"काका, बटण दाबायचं. टेबल नाही."

"हे प्लायवुड आहे."

"ऐकू आलं?"

"नाही. कडेला दिसतंय."

तिने कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे वर होती, आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेलेली. आऱ्याशेजारी कानात काही न घालता इतकी वर्षं काढल्यावर असं होतं, ती म्हणाली. खालचे, जाड आवाज शाबूत आहेत. वरचे, बारीक आवाज गेलेत.

मिस्त्री त्या घसरगुंडीकडे बघत म्हणाले, "म्हणजे टण् गेलं. थप राहिलं."

तपासणाऱ्या मुलीला ते कळलं नाही. लेकीला कळलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

कानातलं यंत्र मिळायला पंधरा दिवस लागणार होते. शनिवार परवावर आला होता. बेकरीवाल्याला नको म्हणून सांगता आलं असतं, पण मोठ्या बाईंना काय सांगणार? ओंडका पोकळ नाही, हे तरी कुणी ऐकलं होतं? बुंध्यापाशी खरंच पोकळ असेल, मध्ये नसेल. कुठवर आहे हे कळल्याशिवाय चुकीच्या जागी कापलं, तर लांब टेबल गेलंच.

शनिवारी सकाळी मोठ्या बाई वीसेक मुलं घेऊन आल्या. बेकरीवाल्याची गाडीही आली. मिस्त्री ओंडक्यापाशी उभे होते. त्यांनी कमरेला खोचलेला हातोडा काढला, एकदा तळहातावर तोलला आणि लेकीपुढे धरला.

"तू वाजव."

"मी? बाबा, मला नाही येत."

"मलाही नाही येत आता." हे ते सगळ्यांसमोर म्हणाले, नेहमीच्या आवाजात. "बाई, सोमवारी मी चुकीचं सांगितलं असेन. मला ऐकू येत नाही. ही ऐकेल."

मोठ्या बाईंनी मुलांकडे नुसतं बघितलं. मुलं गप्प झाली. बेकरीवाल्याने गाडीचं इंजिन बंद केलं.

मिस्त्री ओंडक्याच्या शेंड्याला गेले आणि दोन्ही तळहात लाकडावर पसरून ठेवले. लेकीने मधोमध पहिला ठोका मारला.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे? परीक्षेचा निकाल सांगतेस का? कशासारखा, ते सांग."

तिने पुन्हा वाजवलं. "रिकाम्या जिन्यात कुणी चप्पल आपटावी तसा."

"हं. माझ्या हातात आलाय. बुंध्याकडे सरक."

ती हातभर सरकली. जिना. अजून हातभर. जिनाच. मग बुंध्यापासून तीन हातांवर ती थांबली, पुन्हा वाजवलं, पुन्हा एकदा.

"इथे वेगळा आहे. उशीत तोंड खुपसून कुणी बोलतंय तसा."

"माझ्या हातात आलाच नाही. मागे ये, चार बोटं." तिने वाजवलं. "आला. अजून दोन बोटं बुंध्याकडे." ठोका. "गेला. तिथे खडू लाव."

तिने खडूने आडवी रेघ मारली. एवढं बोलणं त्या दोघांमध्ये ओंडक्यावरून कधीच झालं नव्हतं. इतकी वर्षं नुसतं रेघ की शून्य.

रेघेवर कापलं. बुंध्याचा तुकडा वेगळा झाला, आणि त्यातून मुंग्यांची काळी माती भुरभुर खाली पडली. उरलेल्या ओंडक्याचं तोंड आता सगळ्यांसमोर होतं. लालसर, ओलं, आणि भरलेलं. एका मुलाने पुढे होऊन टकटक केली. मग सगळ्यांनाच करायची होती.

बुंधा बेकरीवाल्याने गाडीत टाकला. "हा तरी पोकळ आहे ना नक्की?" त्याने लेकीला विचारलं. मिस्त्रींना नाही. मिस्त्रींना ते ओठांवरून कळलं असावं. ते शांतपणे म्हणाले, "हा आहे. आणि ती पावाची फळी मला परत दे."

"ती नाही देणार. गोळे काय डोक्यावर वळू?"

"मग रंधा तरी मारून देतो. पाय लावून देतो."

"ते द्या."

दुपारपर्यंत दोन-दोन इंच जाडीच्या फळ्या निघाल्या. वाळायला इंचाला वर्ष, म्हणजे दोन वर्षं. मोठ्या बाई म्हणाल्या, तोवर मी निवृत्त झालेली असेन. "मग बसायला या टेबलापाशी," मिस्त्री म्हणाले. "तुमच्यासाठी रिकामी खुर्ची वाजवून ठेवतो."

फळ्या ओंडक्यात होत्या त्याच क्रमाने एकावर एक रचल्या, मध्ये वारा खेळायला बारीक पट्ट्या. शेंड्याकडच्या तोंडाशी सोमवारचं शून्य होतं. ते प्रत्येक फळीवर तुकड्या-तुकड्याने उरलं होतं, आणि रचल्यावर पुन्हा जुळून आलं, मध्ये फटी असलेलं मोठं गोल. लेक ओलं फडकं घेऊन आली.

"राहू दे," मिस्त्री म्हणाले.

"लोक विचारतील."

"विचारू देत. फक्त मला जरा मोठ्याने विचारायला सांग."

ते थप्पीशी गेले, वरच्या फळीवर टकटक केली आणि बोटाचं पेर तिथेच टेकवून थांबले. मग लेकीकडे वळून बघितलं. कशासारखा वाजला, ते तिने सांगितलं.