दुसरीतल्या मुलीचा घट

आमच्या लेकीच्या टीचरनी सांगितलं, अगदी सोपं काम आहे. भांडं घ्या, माती घाला, बी पेरा, पाणी शिंपडा आणि पुढच्या शुक्रवारी शाळेत आणा. वर्गात सगळ्यांची रोपं पट्टीनं मोजणार आणि सगळ्यात उंच रोपाला सोनेरी स्टार देणार. लेक दुसरीत. गेल्या खेपेला आम्ही धणे न रगडताच पेरले, ते काही उगवले नाहीत, आणि ती मातीनं भरलेली कुंडी धरून रांगेत उभी राहिली. मोजायला काही नव्हतंच, म्हणून टीचर पट्टी घेऊन पुढच्या मुलाकडे गेल्या. या वेळी माझं मोजायलाच हवं, असा तिचा हट्ट होता.

मी कुठलाच धोका पत्करणार नव्हते. ऑफिसातून येताना बी शोधत कोण हिंडणार! पूजेच्या दुकानातून नवधान्याचं पाकीट उचललं. नऊ जाती आहेत, एक तरी उगवेल, एवढाच माझा विचार. धान्य रात्रभर भिजवलं, मातीच्या भांड्यात पेरलं आणि ऊन येतं म्हणून पूर्वेच्या खिडकीशी ठेवलं. लेक चमच्यानं पाणी घालायची. सगळंच्या सगळं उगवलं.

तेवढ्यात सासूबाई पापनाशमहून, नणंदेकडून परत आल्या. खिडकीशी थबकल्या आणि चपला काढून मागे सरकल्या.

"अगो बाई! घट बसवलास?"

"घट कसला? शाळेचं काम आहे ते."

"नऊ धान्यं आहेत ना? मातीत आहेत ना? पूर्वेला आहेत ना? मग?"

"अहो, नवरात्र कुठल्या कुठे आहे!"

"देवीला कॅलेंडर दाखवतेस काय?"

झालं! हळदकुंकू लागलं, समई आली, आणि घट बसला की हलवायचा नाही, हा आमच्या घरचा नियमही आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तमिळ मामी सुंडल, म्हणजे नैवेद्याची हरभऱ्याची उसळ, घेऊन हजर. गल्लीतल्या बायका मोगऱ्याचे हार घेऊन यायला लागल्या. अवेळी आलेली देवी जास्त कडक असते, असं त्यांचं आपसात ठरलं. माझे यजमान म्हणाले, "आईचं आणि तुझं तुम्ही बघा." वर त्या खिडकीवरून जाताना हात जोडायला लागले. माझं डोकंच फिरलं.

लेकीनं मला आत ओढून नेलं आणि तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, माझं रोप मेलं का?" आमच्याकडे हार फक्त गेलेल्या आजोबांच्या फोटोला असतो, तिचं तरी काय चुकलं?

गुरुवारी संध्याकाळी मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, पोरीला मी रिकाम्या हातानं पाठवणार नाही. त्यांनी समईची वात सारखी केली. मग म्हणाल्या, "घट हलवता येत नाही. पण देवी मिरवणुकीला निघतेच की."

शुक्रवारी देवी ऑटोतून निघाली. मांडीवर भांडं घेऊन सासूबाई, वर छत्री धरून मामी, मधे लेक, घंटा वाजवायला मी. कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. ऑटोवाल्यानं आपल्या चपला काढून सीटखाली सारल्या आणि न सांगता आधी मोठ्या देवळाला वळसा घातला. शाळेत पोचायला उशीर झाला.

आम्ही वर्गात शिरलो तेव्हा पट्टी फिरत होती. मेथी झाली, मका झाला, लेकीची पाळी आली. टीचरनी कुंकू पाहिलं, चपला काढल्या, भांडं डोळ्यांना लावलं आणि कपाटावर उंच नेऊन ठेवलं. "याला पट्टी लावू? पाप लागेल मला!" मुलांनी डोळे मिटून हात जोडले. पट्टी पुढच्या मुलाकडे गेली.

लेकीनं भोकाड पसरलं. घरी मराठी समजते पण उत्तर तमिळमध्ये देते, अशी ही मुलगी, आणि भर वर्गात आज्जीला मराठीत ओरडली, "देवी नको! माझं रोप दे!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भांडं खाली घेतलं, टेबलावर ठेवलं, हात जोडले आणि ते बोटभर सरकवलं. विसर्जनाच्या वेळी सरकवतात तसं. पदरानं कुंकू पुसलं. "गेली देवी," त्या टीचरना म्हणाल्या, "आता मोजा."

मोजलं. बायकांनी आणलेल्या फुलांच्या ओझ्यानं अर्धी रोपं लोळली होती. स्टार एका मक्याला मिळाला.

परतताना मी सासूबाईंना, वाईट वाटलं का, म्हणून विचारलं.

"वाटेल नाही तर काय! मोजली नसती तर देवीच पहिली आली असती."

संध्याकाळी लेक भांडं काखेत घेऊन शाळेतून आली ती गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबत. हात जोडणाऱ्या बायकांना ती अंगठा आणि तर्जनी ताणून, जपून, दाखवत होती, तिचं रोप पट्टीवर किती भरलं ते.