हळूबाई
नातीच्या खोडरबराचा वास आला की चौलमधलं आमचं ग्रामपंचायतीचं जुनं कार्यालय आठवतं; मी तिथे कारकून होतो. एके दिवशी तिथे संगणकावर दाखले काढणाऱ्या मुलीपुढे रांग तुंबली होती. "काका, संगणकच अडकतोय हो," ती म्हणाली. "संगणक नाही, हळूबाई, तुझा हात अडकतोय," मी म्हणालो आणि अख्खी रांग हसली. पुढे तिने काम सोडलं. मग दुरुस्तीवाला आला. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या मेमरीच्या, दोन पट्ट्यांपैकी एक खाऱ्या हवेने काळवंडून बंद पडली होती. मेमरी पुरत नव्हती, म्हणून संगणक सगळा भार संथ हार्ड डिस्कवर टाकत होता. त्याने पट्टी खोडरबराने घासून बसवली आणि संगणक पळू लागला. बाजारात तिला आजही हळूबाई म्हणतात. ते नाव मी ठेवलं, आणि ते खोटं होतं.