मोठा, पण कायद्यातला

नोरीन पेट्शेलला पोलिसांनी नोटीस दिली! ही बातमी बेकरीच्या दारापासून गव्हाच्या कोठारांपर्यंत पोचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नोरीनला? सायलेन्सरवाल्या नोरीनला? अहो, येलांगूर गावात आता पाद्र्याला चर्चमधून हाकलायचं तेवढं बाकी राहिलं, असं जो तो म्हणत होता.

आणि का म्हणू नये! चौतीस वर्षं ही बाई गाड्यांचे सायलेन्सर बनवत आलीय. पंचक्रोशीत जुनी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी दिसली, की हौद्याखाली वाकून बघायचं. पाइपाच्या टोकाशी वेल्डिंगच्या टाक्यांनी काढलेला ‘एन’ आणि पुढे सालाचे दोन आकडे सापडायचेच. बापाची यूट मुलाकडे गेली, मुलाने विकली, घेणाऱ्याने ठोकली, तरी पाइप तोच. तिच्या शेडच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: ‘मोठा, पण कायद्यातला’. जुन्या गाड्यांना शहाण्णव डेसिबलची मर्यादा. त्याच्या आत राहून इंजिनाचा आवाज छातीत घुमला पाहिजे, ही तिची विद्या. आवाज मोजायचं यंत्र तिने कधी घेतलं नाही. “माझे कान आहेत की,” म्हणायची. एक डोळा मिटायची, इंजिनाकडे मान कलती करायची, आणि “अजून जरा कापू या” किंवा “बस्स, झालं” असा निकाल द्यायची. चौतीस वर्षांत तिच्या पाइपाला कुणी बोट लावलं नव्हतं.

तर त्या मंगळवारी ती पाव घेऊन बेकरीतून बाहेर पडली, आपल्या ब्याऐंशी सालच्या पिवळ्या यूटमध्ये बसली आणि गाडी सुरू केली. समोर मेलबर्नहून नुकतीच बदलून आलेली कॉन्स्टेबल लिन्ह बुई उभी होती. तिने हात वर केला.

“बाई, तुमच्या गाडीचा आवाज फार आहे.”

“मोठा आहे,” नोरीन म्हणाली. “फार नाही. या दोहोंत फरक असतो, पोरी. माझ्या दारावर लिहिलंय, वाचून ये.”

“वाचलंय. पण मला तो मर्यादेबाहेर वाटतोय. तीन आठवड्यांत मान्यताप्राप्त तपासनिसाकडून दाखला आणा. नाही आणलात तर गाडीची नोंदणी थांबेल.”

“कुणाकडून आणू?”

“या भागात एकच आहेत. लेस्टर वुंडरलिख.”

बेकरीच्या खिडकीशी गोळा झालेल्या मंडळींनी एकदम श्वास आत ओढला. लेस्टर म्हणजे नोरीनचा नवरा. म्हणजे होता. अकरा वर्षांपूर्वी दोघं वेगळी झाली. शेड तिच्याकडे राहिली आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन गाड्या तपासायचं काम करू लागला. तेव्हापासून दोघांत ‘आज ऊन आहे’ एवढंसुद्धा बोलणं नव्हतं.

नोरीनने नोटीस घडी करून खिशात घातली. नोंदणी गेली तर गेली, दोन महिने पायी चालेन! पण ती पाटी? त्या पाटीवर विश्वास ठेवून चौतीस वर्षं लोकांनी तिच्याकडे गाड्या आणल्या होत्या. तपासणीत नापास झालो तर आपण सगळ्या मुलखाला फसवलं असं होईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. 

संध्याकाळी क्लेम आला. क्लेम तिचा शेजारी. दोन हजार एकर गहू, आणि अक्कल मात्र वाफ्याएवढी, असं नोरीनच म्हणायची. त्याने खिशातून हळूच भांडी घासायच्या तारेच्या चोथ्यांची पुडकी काढली.

“हे बघ, चार चोथे पाइपात कोंबायचे. खालून एक स्क्रू मारायचा, म्हणजे हवेबरोबर उडत नाहीत. तपासणी झाली की काढून टाकायचे. सगळे करतात.”

“सगळे करतात, आणि असल्यांना मी दारातून हाकलून देते. विसरलास? तुझ्या मेहुण्याला दिला होता की हाकलून!”

“अगं पण लेस्टर तपासणारे! त्याला तर आयतंच कोलीत मिळालंय. तुझं नाक कापायला टपलेला असेल.”

“कापू दे! चोथा कोंबून पास होण्यापेक्षा नाक नसलेली बरी. ऊठ, आणि तुझे चोथे घेऊन जा. घरी कढया पडल्या असतील, त्या घास.”

शनिवारी सकाळी लेस्टरच्या आवारात ही गर्दी! फुटबॉलचा सामना दुपारी होता, त्यामुळे सगळं गाव मोकळंच होतं. नेटबॉल खेळणाऱ्या बायकांनी सॉसेजची शेगडीच लावली. लॅमिंग्टन केकच्या पैजा लागल्या. नोरीन नापास, तर क्लेम दोन डझन देणार. पास, तर शाळेतल्या इझोबेलबाई देणार. लिन्ह बुई सुट्टीवर होती. तीही साध्या कपड्यांत, पावात सॉसेज धरून कोपऱ्यात उभी राहिली. तिच्याकडे पाहून दोघं-तिघं कुजबुजली, तर कांद्याची बशी पुढे सरकवत ती म्हणाली, “मला पण बघायचंय!”

पिवळी यूट फाटकातून आत आली आणि पोरंबाळं ओरडायला लागली. लेस्टर शेडमधून बाहेर आला. उंच, वाकलेला, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आवारातली शिट्टी वाजवणारी किटलीसुद्धा कुणीतरी शेगडीवरून उचलली.

लेस्टरने फक्त मान हलवली. पाइपापासून अर्ध्या मीटरवर, तिरप्या रेषेत, तीन पायांच्या स्टँडवर आवाज मोजायचं यंत्र उभं केलं. अंतर टेपने मोजलं. मग पुन्हा मोजलं. नोरीन आत बसली, इंजिन तापवलं आणि त्याने बोटाने खूण केली तेवढ्या फेऱ्यांवर ते धरलं. काय तो आवाज! शेडचे पत्रे थरथरले, शेगडीवरची सॉसेजं सरकली, आणि क्लेम आनंदाने टोपी उडवत नाचायलाच लागला.

“शंभर,” लेस्टर म्हणाला.

तो काय म्हणाला ते नोरीनला कळलं नाही. त्याने हातातल्या पाटीवर आकडा लिहून दाखवला.

“पुन्हा!” ती ओरडली.

दुसऱ्यांदा नव्व्याण्णव. तिसऱ्यांदा पुन्हा शंभर.  नोरीन दार आपटून खाली उतरली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“यंत्र बिघडलंय तुझं! शंभर? हा आवाज शंभर? मी चौतीस वर्षं शहाण्णवच्या आत काढते हा आवाज, झोपेतसुद्धा काढीन! आणा रे, माझे पाइप लावलेली प्रत्येक यूट आणा! सगळ्या जुन्या गाड्या, सगळ्यांना मर्यादा तीच. एकेक उभी करा इथे! एकसारखाच आवाज आहे सगळ्यांचा, आणि यंत्राने जर निरनिराळे आकडे सांगितले, तर हे यंत्र मी विहिरीत टाकीन!”

झालं! गावाला हेच हवं होतं. लोक किल्ल्या शोधत धावले, पाव हातात घेऊन धावले. पाच मिनिटांत फाटकाबाहेर रांग लागली. हॉर्न, हशा, धूळ! “माझी आधी!” “माझ्या आजोबांपासूनची आहे, माझी आधी!” लिन्ह बुईला राहवलं नाही. पाव तोंडात कोंबून ती दोन्ही हातांनी रांग सरळ करायला लागली.

पहिली लेस्टरचीच यूट. पाइपावर एन ब्याण्णव. यंत्राने दाखवलं त्र्याण्णव. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग क्लेमची. एन नव्व्याण्णव. आकडा आला चौऱ्याण्णव. क्लेमने बोनेटचा मुका घेतला.

इझोबेलबाईंची, एन शून्य आठ. शहाण्णव. “काठावर! पण पास!” म्हणून बाईंनी शाळेतल्या पोरांसारखी उडी मारली.

मग कुठल्याशा भावांची निळी यूट आली, एन सोळा. अठ्ठ्याण्णव.

इथे टाळ्या वाजल्या नाहीत. लोक अजून हसत होते, पण थोडं कमी. नोरीन निळ्या यूटच्या मागे वाकून ते दोन आकडे बघत राहिली. तिने बोटाने ते चाचपले. मग आपल्या पिवळीच्या पाइपाकडे गेली. तो तिने तीन वर्षांपूर्वी नव्याने बनवला होता. एन एकवीस. शंभर.

ब्याण्णव, नव्व्याण्णव, आठ, सोळा, एकवीस. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, शंभर. यंत्र बिघडलं असतं तर असं पायरी पायरीने कशाला बिघडलं असतं? आणि तिला तर पाचही आवाज सारखेच ऐकू आले होते! अगदी सारखे, ती पैजेवर सांगायला तयार होती. 

“क्लेम,” ती म्हणाली, “लेस्टरची आणि माझी एकदम सुरू कर.”

त्याने केली. तिने एक डोळा मिटला, मान कलती केली. मग क्लेमकडे पाहिलं.

“फरक आहे?”

क्लेमने एवढ्या जोरात मान हलवली की टोपीच पडली. “जमीन-अस्मानाचा आहे, नोरीन! तुझी जवळपास दुप्पट मोठी वाटते! आम्हाला वाटायचं, तू मुद्दाम मोठी ठेवलीयेस. मालकीणच ना तू!”

नोरीन बंपरवर बसली.  मग ती ताडकन उठली.

“ऐका!” एवढ्या मोठ्याने ओरडली की लांबची पोरंसुद्धा थबकली. “यंत्र बरोबर आहे. माझे कान गेलेत. दरवर्षी थोडे थोडे गेले आणि दरवर्षी मी पाइप थोडे थोडे मोठे केले. दोन हजार आठनंतर ज्याने माझ्याकडून पाइप बसवून घेतला, त्याने सोमवारपासून गाडी घेऊन यायचं. फुकट दुरुस्त करून देईन. पाटीवर लिहिलंय ते खरं होईपर्यंत करीन! आणि तू, कॉन्स्टेबल पोरी, या निळ्या यूटवाल्यांना नोटीस देणार आहेस का?”

“मी सुट्टीवर आहे,” लिन्ह म्हणाली. “आणि सोमवारी मी त्यांना तुमच्या शेडपाशीच बघेन, असं वाटतंय.”

“बघशील! लेस्टर, तुझी करवत दे!”

लेस्टर हालला. करवत आणली, फळीवरून एक छोटा नवा सायलेन्सरचा डबा काढला, वेल्डिंगचा चष्मा तिच्या हातात दिला. नोरीन यूटखाली सरपटत गेली. ठिणग्या उडाल्या, कापलेला तुकडा खणकन पडला, आणि सगळं गाव गुडघ्यांवर बसून गाडीखाली बघायला लागलं. मध्येच तिने हात बाहेर काढला की लेस्टर न सांगता हवं ते हत्यार त्यात ठेवायचा. तासाभराने ती बाहेर आली, कपाळावर काजळी, केसांत गंज. पाइपाच्या टोकाशी ‘एन’ आणि या सालाचे आकडे तिने नव्याने काढले होते.

इंजिन सुरू झालं. पत्रे थरथरले, पण सॉसेजं जागच्या जागी राहिली. लेस्टर यंत्रावर वाकला. पंच्याण्णव. आवारात जो गलका उठला, तो मोजला असता तर बेकायदाच ठरला असता! क्लेम आणि इझोबेलबाई, लॅमिंग्टन नेमके कोणी द्यायचे यावरून तिथेच भांडायला लागले.

नोरीन त्या गलक्यात उभी होती. तिला तोंडं उघडलेली दिसत होती, हात उंचावलेले दिसत होते, आणि कानांत कसलासा गुंगाट, जाड पडद्याआडून आल्यासारखा. तिने दाखल्यावर सही करणाऱ्या लेस्टरच्या बाहीला धरलं.

“कसा येतोय आवाज? खरं सांग.”

लेस्टरने टोपी काढली, तिच्या कानाशी वाकला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, “झकास!”

“एवढा ओरडतोस कशाला, मेल्या?”

“तुला ऐकू यावं म्हणून!” तो तसाच ओरडला. “आपण एकत्र होतो तेव्हाची शेवटची चार वर्षं मी रोज बोलायचो, नोरीन, आणि तू पाठ फिरवून काम करत राहायचीस. मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नाही!”

 नोरीन त्याच्याकडे बघत राहिली. 

“मला वाटलं,” ती म्हणाली, “की तू बोलणंच बंद केलंस.”