साताऱ्यात मी ‘न्हाई’ म्हणाले

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्या चुकांबद्दल माफी असावी. दुसरी एक चूक आहे, तिच्याबद्दल माफी मागायला मी लिहीत नाही. ती झाली तशी सांगते.

गुरुवारची दुपार होती. पाळकसाहेबांच्या बंगल्याचा व्हरांडा. सांगलीतल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायकांची प्रार्थनासभा दर गुरुवारी तिथं भरायची. नर्सबाया, शिक्षिका, कारकुनांच्या बायका खुर्च्यांवर. आम्ही बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या आणि झाडलोटीच्या, मागं सतरंजीवर. दर सभेला एकीनं शास्त्राचा भाग वाचायचा आणि त्यावर आपलं मनन सांगायचं. कुणाचा गुरुवार कधी, त्याची यादी भिंतीवर लावलेली असे. त्या दिवशी तिथं माझं नाव होतं. मीच लिहिलं होतं, पेन्सिलीनं, सगळ्यांत खाली.

आठ दिवस मी तयारी केली होती. पीठ चाळताना, भाकरी थापताना, मनातल्या मनात. उभी राहिले. पदर सारखा केला. हातात आईचं बायबल.

पाळकसाहेबांच्या पत्नीला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. त्या चष्म्यावरून बघून हसल्या.

“तू का उठलीस? चहा झाला का?”

“न्हाई बाईसाहेब. आज माझं नाव हाय.”

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. मग खुर्च्यांकडं. आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाल्या, “तुझ्या आईची पेटी अजून माझ्या पैशानं जमिनीत आहे. आधी ती फेड. मग देवाचं सांग आम्हाला.”

कुणीतरी रुमाल तोंडावर धरून हसलं. बाकीच्या आपापल्या बायबलात बघायला लागल्या. माझ्या शेजारच्या बाईनं मागून लुगडं ओढलं. “बस की गं. बस.”

मी बसले नाही. त्याहून वाईट केलं. आत गेले, चहा आणला, सगळ्यांना दिला. बाईसाहेबांना आधी. बशीत एक थेंब सांडला नाही. याची मला आजही लाज वाटते.

आईला पुरलं त्या पेटीचं सांगायला हवं.

माझी आई बायबलबाई होती. मंडळीकडून थोडं मानधन मिळायचं. घरोघर जायचं, बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना करायची, हे तिचं काम. आम्ही तासगावकडच्या एका गावच्या मांगवाड्यातले. माझा आजा ख्रिस्ती झाला. बाईसाहेबांचे आजोबाही ख्रिस्ती झालेले, पण ते ब्राह्मण होते, आणि हे त्या दर दोन महिन्यांनी कुणाला तरी सांगायच्या. देवळात आम्ही एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा द्राक्षारस घ्यायचो. फक्त प्याला आमच्या रांगेकडं शेवटी यायचा. हे असंच असतं, असं मला लहानपणापासून वाटत होतं.

आई रोज सकाळी एक भाग वाचायची आणि वहीत त्याखाली एक ओळ लिहायची. मोठं काही नाही. त्या दिवशी काय करायचं ते. रूथनं सासूला सोडलं नाही, हा भाग वाचला त्या दिवशी तिनं लिहिलंय: ‘रखमाची सून माहेरी निघाली आहे. अडवायचं नाही. काय झालं ते विचारायचं.’ एका पानावर लिहिलंय: ‘विश्वासू म्हणजे ज्या दिवशी येते म्हटलं त्या दिवशी जाणे.’ त्याखाली काही नाही. बहुतेक त्या दिवशी तिला जायला जमलं नसावं.

दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला बसली तेव्हा आई एस.टी.नं तासगावला जायची आणि पुढं चालत कामावर. मी विधवा होऊन तिच्याकडं परत आले होते, सुट्टी मिळाली की मीही जायची. आईची एक पद्धत होती. गेल्या गेल्या पुस्तक उघडायचं नाही. जी बाई थकलेली दिसेल तिच्या हातातली हातोडी घ्यायची, तिच्या वाटची खडी फोडायची. मग दुपारी भाकरी सोडून बाया बसल्या की वाचायचं. वाचून झालं की आपल्या शब्दांत सांगायचं.

“अलीशा शेतात औत हाकत व्हता. एलीया संदेष्टा आला आन् आपला झगा त्येच्या अंगावर टाकून फुडं निगाला. कितवी शिकलास, इचारलं न्हाई. कुणाचा हायस, इचारलं न्हाई.”

“आन् बैलांचं?” हौसा विचारायची. ती त्याच टोळीतली. तोंडाची फटकळ.

“बैलं कापली, औताचं लाकूड जाळलं, लोकास्नी जेवान घातलं आन् गेला त्येच्या मागं.”

“चांगली जोडी कापली? आक्का, आमच्यात असता तर बायकूनं लाटण्यानं हाणला असता त्येला.”

बाया हसायच्या. आईसुद्धा. मग आई म्हणायची, “तसंच हाय बग. बैल ठिवला की मानूस माघारी येतंय.”

दुष्काळ सरला त्या वर्षी आईला कावीळ झाली. अंथरुणावर पडून तिनं साताऱ्याच्या कमिटीला चिठ्ठी लिहिली. बायबलबाया नेमण्याचं काम त्या कमिटीचं होतं. तिनं लिहिलं, माझ्या जागी माझी लेक घ्या, मी तिला तयार केलंय. मला म्हणाली, “हौसाची टोळी आता सांगलीतच हळदीच्या गोदामात आलीया. सोमवारी तिकडं जायाचं. आदी हातातलं काम घ्यायचं, मग पुस्तक. मी सांगून ठिवलंय त्यास्नी, माजी लेक यील म्हनून.”

मी व्हय म्हणाले.

आणखी एक सांगितलं होतं तिनं. “मला गोधडीत गुंडाळा. पेटीबिटी नगो.” आमच्या लोकांत तसंच करायचे. पण ती गेली आणि बाईसाहेब स्वतः आल्या. म्हणाल्या, “मंडळीची बायबलबाई गोधडीत? लोक काय म्हणतील?” सुतार सागवानी पेटी घेऊन आला. पितळी कड्यांची. मला वाटलं, मंडळीनं आईचा मान केला. खरं सांगते, रडता रडता मला अभिमान वाटला. त्या अभिमानापायी मी आईचा शब्द मोडला.

महिन्याभरानं बाईसाहेबांनी बोलावलं. “पेटीचे एकशे दहा झाले. घाई नाही. सवडीनं दे.”

माझा पगार महिना चाळीस. मी मान डोलावली. मागितली नव्हती, हे म्हणायला तोंड उघडलं नाही. त्यांनी पुन्हा कधी पैसे मागितले नाहीत. मी समोर आले की नुसतं एकदा माझ्याकडं बघायच्या. तेवढं पुरायचं.

कमिटीनं मला साताऱ्याला बोलावलं तेव्हा त्या माझ्याबरोबर आल्या. एस.टी.त खिडकीशी त्या, कडेला मी. कराड सोडल्यावर म्हणाल्या, “माझी भाची मॅट्रिक झाली आहे. तिला हे काम शोभेल. तुला सभेत बोलता तरी येतं का? उगाच आईचं नाव घालवशील.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “पेटीचं मी कमिटीत कुणाला सांगितलेलं नाही हं.”

टेबलापलीकडं तीन साहेब बसले होते. त्यातल्या वयस्कर साहेबांच्या हातात आईची चिठ्ठी होती. त्यांनी मला बसायला सांगितलं. आवाज चांगला होता त्यांचा.

“तुझ्या आईनं लिहिलंय, तिनं तुला या कामासाठी तयार केलंय. खरं आहे का?”

बाईसाहेब माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गरज नव्हती.

“न्हाई,” मी म्हणाले.

“काहीच सांगितलं नव्हतं तिनं?”

“न्हाई साहेब.”

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. माझी मेलेली आई त्या खोलीत खोटी ठरली, आणि ठरवली मी. कुणी मारलं नव्हतं, कुणी धमकी दिली नव्हती. पेत्रानंही प्रभूला ओळखत नाही म्हटलं, पण त्याला निदान शिपायांची भीती होती. मला एका बाईच्या न बघण्याची भीती वाटली.

स्टँडवर बाईसाहेबांनी कंदी पेढे घेतले. पुडा उघडून एक माझ्या हातावर ठेवला. “घे. शहाणी आहेस.” मी खाल्ला. गोड लागला. एसावानं एका जेवणापायी आपला थोरलेपणाचा हक्क विकला, तो भाग आईनं कितीदा सांगितला होता. त्याला भूक तरी लागली होती.

काम भाचीला मिळालं. ती बंगल्याबंगल्यांतून जायची, चांगलं वाचायची. गोदामाकडं ती गेली नाही. तिला हळदीच्या धुळीचा खकाणा सोसत नव्हता.

दोन वर्षं मी गप्प राहिले. आईची वही ट्रंकेत घातली होती. मग एकदा बाजारात हौसा समोर आली. हात कोपरापर्यंत पिवळे.

“आक्काची लेक न्हवं तू?”

“व्हय.”

“मग येत का न्हाईस? पयलं वरीस आमी दर सोमवारी भाकर खाऊन पदर झाडून बसायचो. म्हटलं आज यील. आक्का बोलली व्हती.”

“येळ मिळत न्हाई मावशी.”

तिनं मला खालीवर बघितलं. “येळ मिळत न्हाई का तोंड न्हाई?”

भाजी तिथंच सोडून मी घरी आले. ट्रंकेतली वही काढली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या यादीत नाव लिहिलं. मला वाटलं, आधी सभेत बोलून दाखवावं, मग गोदामात जायला लाज वाटणार नाही. म्हणजे तेव्हाही मला खुर्च्यांकडूनच परवानगी हवी होती. ती कशी मिळाली ते वर लिहिलंय.

त्या गुरुवारी कपबश्या विसळताना माझ्या ध्यानात आलं. आधी पेटी फेड, मग देवाचं सांग, असं त्या म्हणाल्या. पण दोन वर्षं मी तेच तर करत होते. त्यांनी म्हणायच्या आधीपासून. देवाला मी एका पेटीच्या मागं रांगेत उभं केलं होतं. त्यांनी माझी बेअब्रू केली हे खरं. पण माझं तोंड मीच बांधून त्यांच्या हातात दिलं होतं, हेही खरं.

सोमवारी बोर्डिंगचं काम दोनला संपलं. मी गोदामात गेले. हळदीचे ढीग, ढिगाभोवती बाया. मी हौसाशेजारी बसले आणि तिच्या पाटीतली हळद निवडायला घेतली. तासाभरानं ती म्हणाली, “गोल गड्डं येगळं, लांब शेंगा येगळ्या. आईवानी न्हाई तुजा हात. लय हळू.”

“शिकंन.”

“बरं. वाच आता.”

मी वाचलं. अडखळले. एका नावाशी तीनदा थांबले. कुणी हसलं नाही. मग मी पुस्तक मिटलं आणि साताऱ्याचं सांगितलं. ‘न्हाई’ म्हणाले ते, पेढा खाल्ला तेसुद्धा. ते माझं पहिलं मनन.

हौसानं हळदीची पाटी बाजूला सारली. मग म्हणाली, “तुज्या त्या बामनाच्या बाईसायबानं सांगितलं आसतं तर रडायचं नाटक केलं आसतं. तू सांगितलंस, बरं केलंस. पर पुन्यांदा तसं केलंस तर हितं येऊ नगंस.”

गोदामाचा मुनीम म्हणाला, रोज येणार असशील तर मजुरी लावतो, पण तोंड चालू राहिलं तरी हात थांबता कामा नये. हात थांबवायचा प्रश्नच नव्हता. सकाळी भाग पाठ करायची आणि दुपारी निवडता निवडता सांगायची. हौसाच्या सुनेला अक्षरं शिकवायला घेतली, जमिनीवर हळदीच्या भुकटीत बोटानं. आता ती अडखळत का होईना, एक ओळ वाचते. मला कमिटीनं नेमलेलं नाही. तिलाही मी कमिटीला विचारून शिकवत नाही.

मजुरीतले पैसे बाजूला पडत गेले. अकरा महिने लागले.

मी बंगल्यावर गेले. या वेळी मागच्या दारानं नाही. नोटा टेबलावर ठेवल्या. पिवळट झाल्या होत्या. बाईसाहेब म्हणाल्या, “अगं, मी कुठं मागितले होते? घाई नव्हती.”

“मोजून घ्या बाईसाहेब.”

त्यांनी मोजल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं. आता येत्या गुरुवारी तूच वाच. मी सगळ्यांना सांगते.”

“गुरुवारी मला गोदामात जायाचं असतंय. तुमाला ऐकायचं असंल तर तिकडं या. खाली पोत्यावर बसावं लागंल.”

त्यांचा चेहरा लाल झाला. माझाही झाला असेल. मी भित्री होते, आजही आहे. पण शब्द परत घेतला नाही आणि पुढंही घेणार नाही. साताऱ्याचं ‘न्हाई’ मात्र या नोटांनी फिटलं नाही. ते माझ्याकडंच राहील, आणि ते आठवतंय तोवर मी कुणापुढंही दुसऱ्यांदा तसं म्हणणार नाही.

“पावती द्या,” मी म्हणाले.

त्यांनी लिहून दिली. एकशे दहा रुपये, पूर्ण. मी दोनदा वाचली आणि निघाले.