कावळ्याची शिकवणी

मी एकदा एका कावळ्याला खोटी साक्ष द्यायला शिकवायला निघाले होते. तेव्हा मी काही शाळकरी पोर नव्हते. एकसष्टी झालेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, पेन्शन सुरू झालेली. लोकांना वाटतं, मूर्खपणा विशीत उरकून टाकता येतो. छे! विशीत वेळ कुठे असतो हो? नोकरी, मुलं, गॅसचा नंबर. खरा निवांत, मन लावून केलेला मूर्खपणा निवृत्तीनंतरच जमतो. आज सत्तरी ओलांडल्यावर त्या एकसष्टीतल्या पोरीकडे मागे वळून पाहिलं की तिचे कान पिळावेसे वाटतात, आणि पिळता पिळता हसूही येतं.

परवा व्हाइटफील्डहून नातीचा फोन आला. शाळेत तिला प्राण्यांवर बोलायचं होतं.

"आजी, प्राण्यांना अवजारं वापरता येतात का गं?"

"येतात," मी म्हटलं. "पण त्यांच्या मध्ये माणसाने लुडबुड करू नये."

"का?"

आता ह्या 'का'चं उत्तर फोनवर मावणारं नाही.

तर सासरे गेले, त्यांचं वर्षश्राद्ध सांगलीला झालं आणि आम्ही आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, इकडे कानडी मुलखात, बनशंकरीच्या घरी घेऊन आलो. त्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. येतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, मी पाहुणी आहे. सांगलीत त्या एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या आणि दूधवाल्याने दार ठोठावेपर्यंत तशाच फरशीवर होत्या. ती गोष्ट त्या विनोद म्हणून सांगत. "मी आतून ओरडले, अर्धा लिटर जास्त ठेव, आज मला उठायला वेळ लागेल!" सगळे हसायचे. आमचे हे मात्र उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आईंनी पुन्हा त्या रिकाम्या घरात एकटीने राहायचं, ह्या विचाराने ह्यांची झोप उडायची. आणि आईंचं दर आठवड्याला एकच, "गाडीचं तिकीट बघितलंस का?"

शेवटी श्रावण लागायच्या सुमाराला त्यांनीच तोडगा काढला.

"पितृपक्षात ह्यांच्या तिथीला वर गच्चीवर पान ठेवू. कावळा शिवला तर मी समजेन, माझं इथे राहणं त्यांना पटलंय. नाही शिवला, तर दुसऱ्या दिवशी मला सांगलीच्या गाडीत बसवून द्यायचं. मग हुज्जत नाही."

आमच्या ह्यांनी जन्मभर संशोधन केलेलं. म्हणाले, "आई, एका कावळ्यावरून निष्कर्ष काढायचा?"

"मग दोन बोलाव," आई म्हणाल्या.

अडचण अशी की आमच्या गच्चीवर राज्य कबुतरांचं. कावळे समोरच्या झाडावर बसून अख्ख्या गल्लीचा हिशेब ठेवायचे, पण आमच्याकडे ढुंकून बघत नसत. ह्यांनी नुसता सुस्कारा सोडला. मी सोडला नाही. माझी सगळी नोकरी सरकारी कारखान्यात जिग आणि फिक्श्चर यांची डिझाइनं करण्यात गेली. म्हणजे काय, तर कुठलाही पार्ट, कोणीही लावला तरी, ठरल्या जागी तंतोतंत बसावा आणि हलू नये, याची सोय करायची. मला वाटलं, कावळा तो काय! थोडा जास्त हलणारा पार्ट.

मी उमेदवार निवडला. त्याच्या डाव्या पायाला एक बोट कमी होतं, त्यामुळे ओळखायला सोपा. मान तिरकी करून बघण्याची तऱ्हा थेट आमच्या जनरल मॅनेजरची. माझं ड्रॉइंग समोर धरलं की ते असंच बघत. म्हणून मी त्याला मनातल्या मनात साहेब म्हणायला लागले. साहेबांना तूपभात दिला, ते निघून गेले. पोळी दिली, कबुतरांना सोडून दिली. मग एकदा काँडिमेंट्सच्या, म्हणजे इकडच्या फरसाणाच्या, दुकानातून आणलेलं कोडुबळे माझ्या हातून खाली पडलं. बांगडीसारखं गोल, तिखट, कुरकुरीत. साहेब झाडावरून जे सुटले ते कोडुबळे चोचीत अडकवूनच परत गेले. नथ घातलेली नवरी जशी!

झालं. आईंना दुपारी डुलकी लागली की मी पुडी पदराखाली घेऊन वर. वाटीवर चमचा वाजवायचा, कोडुबळे ठेवायचं, बाजूला व्हायचं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी अक्का (इथे बायका एकमेकींना अक्काच म्हणतात) माझ्याकडे बघून गालात हसायची. साहेब एका आठवड्याच्या आत असे तयार झाले की मी जिन्यात असतानाच ते कठड्यावर हजर.

एक दिवस हे जिन्यात आडवे आले.

"रोज वर काय चाललंय?"

"वाळवण."

"श्रावणात?"

मग दाखवावंच लागलं. हे हरखलेच. पण शास्त्रज्ञ माणूस, शंका आधी. "तो तुझ्यासाठी येतो की वाटीसाठी? थांब, मी वाजवतो." ह्यांनी वाजवली. साहेबांनी ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पाठ फिरवली आणि पंख साफ करत बसले. मी चमचा घेतला. एक टिचकी, आणि साहेब माझ्यासमोर! लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेल्यावर ह्यांच्यासमोर असा निर्विवाद विजय मला पहिल्यांदाच मिळत होता.

इथे थांबायचं होतं. पाव शहाणपण असतं तरी थांबले असते. कावळा हाकेला येतो, पुढ्यातलं खातो. एवढंच तर हवं होतं. पण पार्ट बसला की फिक्श्चर सुधारावंसं वाटणं, हा रोग मला कारखान्यातून लागलेला. मी प्लंबरने टाकलेला पाइपचा एक हातभर तुकडा घेतला, त्याला ओढायला सुतळी बांधली आणि कोडुबळ्याचा तुकडा आत मधोमध ढकलून ठेवला. चोच पोचत नाही, दिसतं मात्र सगळं.

साहेबांनी एका टोकातून पाहिलं. धावत दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती: हे कोणी मंजूर केलं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातल्या खराट्याकडे मोर्चा वळवला. एक हीर उपटला. लांब होता म्हणून पायाखाली धरून चोचीने तोडला. तो पाइपात घातला आणि ढकलला. तुकडा दुसऱ्या टोकाने टपकन बाहेर! मी अशी किंचाळले की शेजारच्या अक्काच्या हातातली बादली सुटली. हे धापा टाकत वर आले, त्यांनाही साहेबांनी करून दाखवलं. माझ्या आज्ञेवरून नव्हे हं, साहेबांच्या मर्जीने. आम्ही दोघं पिकली पानं हात धरून गच्चीवर नाचलो. खरंच नाचलो. मल्लेश्वरमच्या क्वार्टर्समध्ये असताना माकडं येऊन आमचा नळ उघडायची. उघडायची, बंद करायची नाहीत. त्यामुळे त्यांच्या बुद्धीचं मला कौतुक वाटलं नव्हतं, तसला एक घरातच होता. पण हीर तोडून बेताचा करून घेणं! हे काम मी नव्या पोरांना शिकवायला महिना घ्यायची.

साहेब निवडक हीर पाण्याच्या टाकीखाली खोचून ठेवायला लागले. खराटा टकला होत गेला. आणि मला, इतकी वर्षं चुका शोधण्याचा पगार घेतलेल्या बाईला, एक साधी गोष्ट दिसली नाही. साहेबांच्या लेखी आता जेवण पाइपातून येत होतं. ताटात वाढलेलं त्यांना जेवणच वाटेनासं झालं होतं.

तिथीचा दिवस उजाडला. केळीच्या पानावर वरणभात, वडे, खीर, कढी, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. हात धरून, दर पायरीला थांबत, आईंना वर आणलं. पाइप मी टाकीमागे लपवला होता. आईंनी पान ठेवलं, हात जोडले. मी खिरीचा डाव भांड्यावर झाडल्यासारखं करून वाटीवर चमच्याने हळूच टिचकी मारली.

साहेब आले. कठड्यावर बसले. आईंच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. त्या खरोखरच वाट बघत होत्या. माझ्यासारखी गंमत म्हणून नव्हे. सोबत जगलेल्या माणसाचं काय म्हणणं आहे, ते ऐकायला उभ्या होत्या.

साहेबांनी पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पानाला चोच लावेनात. वेळ जाऊ लागला. ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. शेवटी आयुष्यभर असल्या गोष्टींना हसलेले आमचे हे पुढे झाले आणि हात जोडून कावळ्याला वचनं द्यायला लागले.

"बाबा, सांगलीचं घर विकणार नाही."

साहेब ढिम्म.

"आईला दिवाळीत सांगलीला घेऊन जाईन."

ढिम्म.

"बाबा, मी मीठ कमी खाईन."

"त्याचा ह्यांच्याशी काय संबंध?" आई म्हणाल्या.

"तेच म्हणत असतील, कोणास ठाऊक!"

एवढ्यात साहेबांचा धीर सुटला. उडाले, टाकीमागे गेले, आणि सुतळी चोचीत धरून खरडत खरडत पाइप बाहेर ओढायला लागले. थेट आईंच्या पायांपर्यंत आणला. परत गेले, हीर घेऊन आले. पाइपात घालून ढकलला. आत काहीच नव्हतं. दुसऱ्या बाजूने ढकलला. मग माझ्याकडे तोंड करून जे कोकलायला लागले! कारखान्यातल्या युनियननेही मला इतकं सुनावलं नव्हतं.

शेजारच्या गच्चीवरून अक्काने कळवळून विचारलं, "अक्का, इवत्तु कोडुबळे इल्वा?"

आज कोडुबळे नाही का, एवढंच विचारलं बिचारीने. इतके महिने मला कन्नड कळत नाही म्हणणाऱ्या आईंना हे मात्र पहिल्या झटक्यात कळलं. त्यांनी पाइपकडे पाहिलं, सुतळीच्या गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही गाठ तुझी ना?"

"हो, आई."

"आणि हा पढवलेला?"

"हो."

"कशाला?"

मला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. "तुम्ही जाऊ नये म्हणून," मी म्हटलं.

माझ्या डोळ्यांसमोर सांगलीची गाडी उभी राहिली. आता कसलं राहणं! सासऱ्यांच्या नावावर मी त्यांना फसवलं होतं. हे माझ्याकडे असे बघत होते की कठड्यावरून उडून जावं.

मग आई वाकल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण वाकल्या. पानावरचा वडा उचलला, त्याचा तुकडा तोडला आणि पाइपात सरकवला.

"कर बघू," कावळ्याला म्हणाल्या. "मलाही बघू दे काय शिकलास ते."

साहेबांनी हीर लावला. वडा टपकन बाहेर पडला. तो त्यांना बहुधा कोरडा वाटला असावा. चोचीत धरून ते उड्या मारत पानाकडे गेले, खिरीत मस्तपैकी बुडवला, निथळला आणि तिथेच उभं राहून खाल्ला. वर एक वडा घेऊन उडाले.

"शिवला! शिवला!" हे लहान मुलासारखे ओरडले.

"शिवला कसला? मजुरी घेऊन गेला," आई म्हणाल्या. आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना टाकीला टेकवून उभं करावं लागलं. सासरे गेल्यापासून त्या स्वतःच्या पडण्याचे विनोद सांगायच्या, पण अशा हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. पलीकडे अक्काही हसत होती, कशाला ते तिला ठाऊक नसताना.

त्यानंतर आई शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. दुपारची डुलकी मोडून, मला दामटून, वर जाऊन वाटी त्याच वाजवायच्या. पण त्या दुपारी मला हे कुठे माहीत होतं? खाली येऊन पानं वाढली. आई जेवू लागल्या. तिकिटाचा विषय त्या आता काढतील, मग काढतील, म्हणून मी त्यांच्या पानाकडे बघायचंच टाळत होते. हे मान खाली घालून बिनमिठाची भाजी खात होते. शेवटी न राहवून मी म्हटलं, "आई, रागावलात?"

त्यांनी पानावरचा हात थांबवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दोन महिने त्या कावळ्याची मनधरणी केलीस. एकदा खाली येऊन मला 'आई, राहा' म्हणाली असतीस, तर मी केव्हाच राहिले असते. आता तरी म्हण. आणि कढी वाढ, भात कोरडा राहिलाय."