सतरा डब्या आणि दांडपट्ट्याची गिरकी

ती मुलगी शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला आधी फोन पिशवीत ठेवायला सांगितलं. मी हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका. शाळा सुटल्यावर त्याच मैदानावर शाळेतल्या आणि गावातल्या मोठ्या मुलींना मर्दानी खेळ शिकवते, लाठी, फरीगदगा, दांडपट्टा. मागं एकदा असाच एक माणूस आला होता. माहितीपट करतोय म्हणाला, दोन दिवस शूटिंग केलं, चहा पिऊन गेला. पुढं कुठल्याशा पानमसाल्याच्या जाहिरातीत माझ्या मुली लाठी फिरवताना दिसल्या. पालकांनी जाब विचारला तो मला. तेव्हापासून मैदानाच्या कडेला कुणी फोन वर केला की माझं चित्त खेळावर राहत नाही.

"मला शूटिंग करायचंच नाही, मावशी," ती म्हणाली. "कॅमेरा लागतच नाही."

हे ऐकून मी जास्तच सावध झाले.

ती जयसिंगपूरची. पुण्यात ॲनिमेशनच्या कंपनीत होती, ती नोकरी सोडून आता घरच्याच एका खोलीत बसून एकटीनं छोटी फिल्म करत होती. त्यातली बाई दांडपट्टा चालवते. तिनं पिशवीतून काड्यापेटीएवढ्या काळ्या डब्या काढून पायरीवर मांडल्या. सतरा होत्या. हे सेन्सर मनगटाला, दंडाला, गुडघ्याला, पाठीला इलॅस्टिकनं बांधायचे, मग आपण जसं हलू तशी लॅपटॉपमधली बाहुली हलते.

"मोठ्या स्टुडिओत यासाठी खोलीभर कॅमेरे लावतात. आमच्यासारख्यांना ते परवडायचं नाही. हे आता एकट्या माणसालाही घेता येतं, आणि उसाच्या फडातसुद्धा चालतं."

"म्हणजे माझा चेहरा दिसणार नाही?"

"नाही. फक्त हालचाल घ्यायची."

माझ्याकडं हालचालीशिवाय दुसरं होतं काय? वस्तादांनी मला त्यांच्या अंगणात अकरा वर्षं शिकवलं ते तेच. मी विचारलं, "ही हालचाल जाते कुठं?"

"माझ्या लॅपटॉपमध्ये."

"आणि ज्यांनी ह्या डब्या केल्या त्यांच्याकडं?"

ती जरा थांबली. "तसं जात नाही. पण सॉफ्टवेअर अपडेट करायला इंटरनेट लागतं."

ते थांबणं माझ्या ध्यानात राहिलं. मी लेखी मागितलं. तिनं तिथंच वहीचं पान फाडून लिहिलं, की ही हालचाल याच फिल्मसाठी वापरेन, कुणाला विकणार नाही, देणार नाही. खाली सही केली. अक्षर चांगलं होतं. मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि तरीही मनाशी ठरवलं की वस्तादांची गिरकी हिला खरी द्यायची नाही. दांडपट्टा डोक्यावरून फिरवत आपण मागं वळतो, तेव्हा आमच्याकडं डावा पाय मागं जातो. मी तो पुढं टाकणार होते. बाकी सगळं खरं, एवढंच खोटं.

रविवारी सकाळी तिनं मला डब्या बांधल्या. हात पसरून उभं राहा म्हणाली, मग दोन पावलं चाला, परत उभ्या राहा. लॅपटॉपवर एक करडी बाहुली माझ्यासारखी उभी राहिली. तिला नाक-डोळे नव्हते, पण उभं राहण्याची ढब माझीच होती. मला ते आवडलं नाही.

दांडपट्टा हातात घेतला आणि बाहुलीचा हात वेडावाकडा झाला. लोखंड जवळ आलं की सेन्सर चुकतात, ती म्हणाली, आणि तिनं प्लास्टिकचा पाइप पुढं केला. मला वाटलं, आधी वजन काढून घेतलं, पुढं अजून काय काय काढून घेणार आहे कोण जाणे. तरी मी खेळले. गिरकी आली तेव्हा डावा पाय पुढं टाकला.

तिनं ते पडद्यावर मागून, वरून, बाजूनं फिरवून पाहिलं. "मावशी, इथं काहीतरी चुकतंय. बाकी सगळं एका ओघात येतंय, इथंच अंग अडखळतंय. सेन्सर सरकला असेल."

मी म्हणाले, "असेल."

तिनं पायाच्या डब्या सोडून परत बांधल्या. परत हात पसरून उभं केलं. मी परत तेच केलं. असं सहा वेळा झालं. ऊन चढलं, तिच्या कपाळावर घाम आला, ती मोबाइलवर कसल्याशा सूचना वाचत बसली. आपण घेतलेली वस्तू खराब निघाली असं तिला वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मी पायरीवर बसून पाणी पीत होते.

निघताना ती म्हणाली, "पाय मी बघते. पण तुमचा उजवा खांदा प्रत्येक गिरकीला कानाकडं उडतो. लहान गिरकीतही. तोपण सेन्सरचाच दोष का, कळत नाही."

पाय मी मुद्दाम चुकवला होता, खांदा नव्हता. तो खांदा माझा वीस वर्षं दुखतोय. वयामुळं म्हणून मी तेल लावत आले.

दुसऱ्या दिवशी मी वस्तादांकडं गेले. ऐंशी ओलांडलेले, पायानं अधू, दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसून असतात. मी सगळं सांगितलं, खोटा पाय टाकल्याचंसुद्धा. मला वाटलं, शाबास म्हणतील.

"खांदा उडतोय म्हणाली व्हय ती?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी बसल्या जागी हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "उडणारच की. कोपर बरगडीला चिकटवायचं असतंय फिरताना. ते तुला सांगितलंच न्हाय मी."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "का?"

"तू पोरगी. लगीन करून जाणार परक्याच्या घरात. तिथं दीर-पुतणे शिकले असते तुझ्याकडनं. एक गोष्ट हातात ठेवली मी."

"माझं सासर दोन गल्ल्या पलीकडं आहे, वस्ताद. मी तीस वर्षं तुमच्या नावानं शिकवतेय."

"व्हय. मग सांगायचं र्‍हाऊनच गेलं."

मी चहा न घेता उठले. रस्त्यात मला सारखं आठवत होतं ते माझ्या मुलींचं. कितीजणींना मी तोच उडणारा खांदा शिकवला असेल. आणि कालच्या उन्हात खाली मान घालून डब्या तपासणारी ती मुलगी आठवली. तिच्यावर मी जो संशय घेतला तोच वस्तादांनी माझ्यावर घेतला होता, फक्त त्यांनी तो जास्त काळ सांभाळला.

मी तिला फोन केला आणि पायाचं खरं सांगितलं.  मग ती म्हणाली, "मी कंपनीला तीन मेल लिहिले, मावशी. डब्या परत पाठवणार होते." रागावली होती, आणि मी तिला रागवू दिलं.

पुढच्या रविवारी मी तिला वस्तादांकडं नेलं. त्यांनी आधी डब्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या, ह्यात आवाज भरतोय का विचारलं, माझ्या पर्समधला कागद वाचून घेतला. मग खांदे, दंड, मनगटं बांधू दिली. खुर्चीत बसूनच त्यांनी रिकाम्या हातानं गिरकी दाखवली. कोपर बरगडीला चिकटलं, मनगट हललं, खांदा जागचा उठला नाही. पायाचं तोंडानं सांगितलं. मग मी अंगणात उभी राहून तसं केलं. ती दोघांच्या बाहुल्या शेजारी ठेवून सांगत गेली, कोपर सुटलं, अजून सुटलं, आता बसलं. दुपारपर्यंत माझी गिरकी खांदा न उडता निघाली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

वस्ताद पडद्याकडं बघून म्हणाले, "हे पुसता येतंय न्हवं?"

"येतं," ती म्हणाली.

"मग पूस माझं. काम झालं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं.

फिल्म झाली. सात मिनिटांची आहे, तिनं ती मुलींना वर्गात दाखवली. त्यातली बाई माझ्यासारखी दिसत नाही, पण ती फिरते तेव्हा मी तिच्या कोपराकडंच बघते. मैदानावर आता सगळ्यांना मी कोपर आधी शिकवते, लग्न ठरलेल्यांना सुद्धा. वस्तादांकडं दर रविवारी जाते. ते काही नवं सांगू लागले की मी विचारते, एवढंच का अजून आहे? ते म्हणतात, "एवढंच." मी दोन-तीनदा विचारते.